अकरा हात निळा रंग

बसा, बसा. उतरायची घाई नको. पुढं वळणावर शेळ्या बसल्यात, आणि हॉर्न वाजवून काही उपयोग नाही, शेळ्यांना वाटतं आपल्यासाठीच वाजंत्री आणलीत. अर्धा तास तरी गेला. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. मघाशी मागच्या सीटवरून कुणीतरी कुरकुरत होतं ना, की तिकिटावर 'न्याहारी' का छापलंय, आपण तर संध्याकाळच्या जेवणाला आणि नाचगाण्याला चाललोय? तर त्याचीच गोष्ट. खरी आहे. निम्मी मी डोळ्यांनी बघितली आणि निम्मी मला आर्गिरोनं सांगितली. आर्गिरो नवऱ्याबद्दल खोटं बोलत नाही. गरजच पडत नाही तिला.

वर घंटेच्या मनोऱ्याखाली ते पांढरं घर दिसतंय? ते प्रोकोपीसचं कॉफीचं दुकान. दुकानाला दार नाही. आत गेल्यावर त्याला विचारू नका, मी सांगतो.

प्रोकोपीस म्हणजे आर्गिरोचा नवरा. साठी उलटलेला, मिशा पांढऱ्या, आवाज असा की नुसतं 'ये बस' म्हणाला तरी माणसाला वाटावं आपलं काय चुकलं. मनानं लोणी. पण लोणी आपलं तळाशी, वरून नुसतं भांडं वाजतं. गावात आता माणसं उरली साठ-सत्तर. त्यातली पाच रोज सकाळी येऊन एकेक कॉफी घेणार आणि ती दुपारपर्यंत पुरवणार. पाच कॉफ्यांवर दुकान चालत नाही हे सगळ्यांना कळत होतं, फक्त प्रोकोपीसला कुणी म्हणत नव्हतं.

म्हणाला तो त्याचा मेहुणा. मेनेलाओस. आर्गिरोचा धाकटा भाऊ. खाली समुद्रावर त्याची मोठी खाणावळ आहे. आठवड्यातून तीनदा 'ग्रीक रात्र'. ताटल्या फोडायच्या, आणि वेटर लोकांना गुडघ्यापर्यंतचा पांढरा चुण्यांचा घागरा. अहो, तो घागरा आमच्या क्रीटचा नव्हेच. तो मुख्य भूमीवरचा. आमचा बाप-आजा फुगीर चोळणा आणि गुडघ्यापर्यंत बूट घालायचा. पण पाहुण्यांना घागरा आवडतो म्हणे.

तर ईस्टरच्या जेवणात, कोकराची मांडी हातात धरून मेनेलाओस म्हणाला, "दाजी, किती दिवस माश्या मारणार? दुकान बंद करा. माझ्याकडे या. कामही फार नाही, ताटली न्यायची, फुटली की हसायचं. घागरा शिवायला टाकतो. कमरेचं माप तेवढं सांगा."

टेबलाला वीस माणसं. प्रोकोपीसनं सुरी खाली ठेवली.

"माझ्या दुकानातही पाहुणे येणारेत," तो म्हणाला. "बसनं. दर आठवड्याला."

हे त्यालाही तेव्हाच कळलं.

"या उन्हाळ्यात बस लागली तर मी गप," मेनेलाओस म्हणाला, "नाही लागली तर सप्टेंबरात तुम्ही घागऱ्यात. बोला."

"बोललो," प्रोकोपीस म्हणाला. आर्गिरोनं टेबलाखालून लाथ मारली, ती पाद्रीबुवांना लागली.

झालं. आता बस आणायची कुठून? सहलीच्या कंपनीत क्लेलिया नावाची बाई होती. तिशीची, चष्मा, हातात कायम फळी आणि फळीवर कागद. प्रोकोपीस तिच्याकडे तीनदा गेला. पहिल्यांदा चीज घेऊन, दुसऱ्यांदा मध घेऊन, तिसऱ्यांदा नुसताच गेला आणि खुर्चीत बसून राहिला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बरं. एक संध्याकाळ बघते. हॉलंडचे बेचाळीस पाहुणे. जेवण, वाद्यं, नाच. जमलं तर दर गुरुवारी बस. नाही जमलं तर परत मध आणू नका, मला डॉक्टरांनी बंद केलाय. आठ जुलै, गुरुवार. चालेल?"

"पळेल," प्रोकोपीस म्हणाला. तारखेकडं त्यानं बघितलंही नाही. माणूस पाय घसरून पडतो तेव्हा खाली काय आहे ते बघतो का?

दुसऱ्या दिवशी दुकानात पाच कॉफीवाल्यांची सभा भरली. सल्ला म्हणाल तर आमच्या गावात पाण्यासारखा. पाण्यापेक्षा जास्तच, पाणी एक दिवसाआड येतं. एक म्हणाला, बंदुकीचे बार काढू, जुन्या लग्नात काढायचे तसे. आर्गिरो आतून म्हणाली, "काढा की. आधी बसचा ड्रायव्हर मारा म्हणजे परत जायला नकोत." ड्रायव्हर म्हणजे मी. दुसरा म्हणाला, गोगलगायी करा रोजमेरी घालून, परदेशी लोक त्याला भितात, भिणारा माणूस कमी खातो. लिरा, म्हणजे आमचं गजानं वाजवायचं तंतुवाद्य, ते वाजवणारा सिफीसही येऊन बसला होता, तो म्हणाला, मला फक्त खुर्ची द्या आणि राकीची बाटली द्या, बाकी माझा लिरा बघून घेईल. हे तो मयतालाही म्हणतो.

तिसरा म्हणाला, ताटल्या फोडल्या नाहीत तर त्यांना तुम्ही ग्रीक वाटणारच नाही.

"माझ्या लग्नातल्या ताटल्यांना हात लावलास तर त्याआधी दुसरं काहीतरी फुटेल," आर्गिरो म्हणाली. म्हणून प्रोकोपीसनं फेरीवाल्याच्या गाडीवरून चार डझन ताटल्या घेतल्या. फेरीवाल्यानं आईची शपथ घेऊन सांगितलं, एक नंबर माल. त्यात तो खोटं बोलला नाही, ते पुढं येईलच.

मग परवानगी. वाद्यं वाजवून लोकांना जेवायला घालायचं तर परवानगी लागते. प्रोकोपीस खाली नगरपालिकेत गेला. तिथं साव्वास बसतो. साव्वास प्रोकोपीसच्या बरोबर शाळेत होता. दोघं चौथीत एकाच बाकावरून नापास झाले. पण खुर्चीत बसला की साव्वास तुम्हाला ओळखत नाही.

"नाव?" साव्वास म्हणाला.

"अरे, मी आहे."

"कागदावर 'अरे मी आहे' लिहू?"

"प्रोकोपीस."

"सात कागद लागतील," साव्वास म्हणाला. नकाशा, अग्निशमनचं, आरोग्याचं, सांडपाण्याचं, शेजाऱ्यांची संमती, इमारतीचं वय, आणि आवाजाचं. आवाजाचं म्हणजे सिफीसचा लिरा अंगणाच्या भिंतीपलीकडे किती ऐकू जातो ते मोजायचं. मोजणारा इंजिनिअर मुख्य भूमीवरून येतो.

"कधी येतो?"

"नोव्हेंबरात."

"नोव्हेंबरात कोण वाजवणार? पावसात?"

"म्हणूनच येतो. आवाज कमी असला की मोजायला सोपं पडतं."

प्रोकोपीस बसून राहिला. त्याला तेवढी एकच युक्ती येते. तासाभरानं साव्वासला दया आली, किंवा भूक लागली. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "घरगुती समारंभ असेल तर काहीच लागत नाही. बारसं, साखरपुडा, नावाचा सण. एक अर्ज, एक शिक्का. तारीख काय म्हणालास?"

"आठ जुलै."

साव्वासनं भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरकडं मान वळवली. मग प्रोकोपीसकडं. मग परत कॅलेंडरकडं.

"आठ जुलै, संत प्रोकोपिओस," तो म्हणाला. "गाढवा, हा तुझाच सण आहे."

आता तुमच्याकडं वाढदिवस करतात. आमच्याकडं वाढदिवस पोरांचा. मोठ्या माणसाचा असतो तो नावाचा सण. ज्या संताचं नाव तुम्हाला दिलं, त्याच्या दिवशी तुमच्या घरी सगळं जग येणार. बोलावणं नसतं. बोलावणं करणं म्हणजे अपमान, जसं काही न बोलावता ते आले नसते. ते येणार, 'पुष्कळ वर्षं जगा' म्हणणार, आणि तुम्ही त्यांना खाऊपिऊ घालायचं. आणि त्या दिवशी कुणाकडून एक पै घ्यायची नाही. मेलात तरी नाही. त्यातून तुमचं कॉफीचं दुकान असलं तर मग विचारूच नका, दुकान म्हणजेच घर.

प्रोकोपीसला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. त्याच्या बारा वर्षं आधीच्या आठ जुलैला गावानं त्याच्याकडची वर्षाची राकी संपवली होती, तीन चाकं चीज खाल्लं होतं, आणि जाताना एकजण चुकून खुर्चीही घेऊन गेला होता. त्याच्या पुढच्या वर्षापासून दर आठ जुलैला दुकानाच्या दाराला तो रंग द्यायचा. निळा. दारावर पाटी, 'ओला रंग, आत येऊ नये.' अकरा वर्षं, अकरा हात. दार इतकं जाड झालं होतं की चौकटीत बसत नव्हतं, हिवाळ्यात आर्गिरो खांद्यानं ढकलून लावायची. गावाला कळत नव्हतं असं नाही. पण ओल्या रंगाला कोण काय बोलणार?

शिक्क्याचा कागद घेऊन तो नाचत घरी आला.

"जमलं," तो म्हणाला. "फुकटात."

आर्गिरोनं कागद वाचला. एकदा. मग खुर्चीवर बसली.

"इथं काय लिहिलंय ते वाचलंस, प्रोकोपी?"

"घरगुती समारंभ."

"त्याच्या खाली."

खाली लिहिलं होतं: श्री. प्रोकोपीस यांचा नावाचा सण. हा कागद समारंभाआधी तीन दिवस दुकानावर, चर्चच्या फळ्यावर आणि आसपासच्या गावांत लावावा, म्हणजे कुणाची हरकत असल्यास कळेल.

"हरकत कोण घेणार?" प्रोकोपीस म्हणाला.

"हरकत कुणीच घेणार नाही," आर्गिरो म्हणाली. "खुर्ची घेतील."

तसंच झालं. आठ तारखेला सहा वाजता पहिले आले. पाहुण्यांची बस आठची. सहाला पाच कॉफीवाले धुतलेल्या शर्टात. सव्वासहाला सिफीस आणि त्याची बहीण. मग खालच्या गावचे, मग पलीकडच्या गावचे, ट्रकच्या हौद्यात उभे राहून. प्रत्येकाच्या हातात ताट, कारण सणाला रिकाम्या हातानं जात नाहीत. आणि सणाला न्यायचं म्हणजे गोड. केक, बदामाच्या वड्या, पाकातल्या करंज्या. सव्वीस ताटं आर्गिरोनं मोजली आणि मग मोजणं सोडलं. गोड ठेवायला जागा नाही आणि तिखटामिठाचं म्हणाल तर चुलीवर एक बोकड आणि त्याच्या रश्श्यातला भात. बेचाळीस माणसांपुरता.

"एवढा एक घास चाखून बघू, मीठ बरोबर आहे का," पाद्रीबुवा लेफ्तेरीस म्हणाले.

मीठ बरोबर होतं. ते सगळ्यांनीच बघितलं. बसमधले बेचाळीस आले असते वेळेवर, तर काहीतरी वाचलं असतं. पण मी याच वळणावर अडकलो होतो, याच शेळ्यांच्या आजीपणजीपुढं. आता बघा, एका बोकडाला वर चुलीवर खाऊन टाकत होते आणि त्याचे दोनशे नातेवाईक रस्त्यावर धरणं धरून बसलेले. कोण म्हणतं जनावराला कळत नाही?

नऊला वीस मिनिटं कमी असताना मी वर पोचलो. क्लेलिया फळी घेऊन पुढं. अंगणात पाय ठेवला तर दीडशे माणसं बसलेली, एक खुर्ची मोकळी नाही. पातेल्याचा तळ दिसत होता.

"हे कोण?" क्लेलिया म्हणाली.

"घरचे," प्रोकोपीस म्हणाला. त्याचा चेहरा आंबलेल्या दह्यासारखा झाला होता.

"बेचाळीस माणसांना बसवणार कुठं? आणि यादीत बोकड लिहिलाय. बोकड कुठाय?"

बोकड कुठं आहे याचं उत्तर पाद्रीबुवांनी ढेकर देऊन दिलं.

आणि त्यात फाटकात मेनेलाओस उभा. गळ्यात सोन्याची साखळी, शेवाळी शर्ट, दुधासारखी पांढरी विजार, काखेत कागदी पुडकं. "पुष्कळ वर्षं जगा, दाजी," तो म्हणाला. "सणाची भेट आणलीय. माप अंदाजानं घेतलंय, कमरेत थोडा सैल ठेवलाय, माझ्याकडं खायला चांगलं मिळतं." पुडक्यात काय होतं ते सांगायला नको. एका कोपऱ्यातून चुण्या बाहेर आल्या होत्या.

प्रोकोपीसनं त्या चुण्यांकडं बघितलं. मग गेला तो सरळ दुकानाच्या दाराकडं, दोन्ही हातांनी धरलं, आणि बिजागरीतून उचकटून काढलं. अकरा हात रंगाचं दार, वजनाला म्हैस. सिफीस आणि मी धावलो. दोन पिंपांवर ते आडवं टाकलं, आणि झालं टेबल. पाहुण्यांना बसायला चर्चमधले बाक आले. पाद्रीबुवांना खाल्लेल्या बोकडाची भरपाई करायची होतीच.

जेवण उलटं सुरू झालं. पुढं होतं ते गोडच, म्हणून आधी केक. मग करंज्या. तोवर आर्गिरोनं शेजारपाजारच्या घरांतून अंडी, बटाटे, टोमॅटो, कडक पाव, जे हाताला लागेल ते आणलं. शेवटी गोगलगायी आल्या. हॉलंडची माणसं मन लावून जेवली. त्यांना वाटलं क्रीटमध्ये असंच जेवतात, आधी केक आणि शेवटी गोगलगाय. एक वाउटर नावाचे म्हातारे गृहस्थ होते, दातांचे डॉक्टर, एक गुडघा लाकडासारखा ताठ, हातातली काठी टेकत चालायचे. ते प्रत्येक करंजीनंतर डोळे मिटायचे. धंद्याच्या आनंदानं असेल.

मग ताटल्या. क्लेलियाच्या यादीत ताटल्या होत्या. प्रोकोपीसनं छाती काढून पहिली ताटली दगडी अंगणावर आपटली. ती उडाली. परत पडली, परत उडाली, तिसऱ्यांदा कडेवर उभी राहिली, आणि अंगणाच्या उतारावरून गडगडत फाटकाबाहेर निघून गेली. एक नंबर माल. न फुटणारा. हॉलंडच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनाच खेळ सापडला, कुणाची ताटली जास्त लांब जाते. दहा मिनिटांत चार डझन ताटल्या उतारावरून खाली, आणि सिफीसचं कुत्रं एकेक तोंडात धरून वर आणतंय. पंचेचाळीस परत आल्या. तीन अजून गावाच्या मालकीच्या आहेत, सापडल्या तर द्या.

या सगळ्यात मेनेलाओसला मजा येत होती. हातात ग्लास, भिंतीला टेकून तो बघत होता, आणि पाय दुखायला लागले म्हणून खुर्ची शोधत होता. आणि त्याला एक रिकामी खुर्ची दिसली. दीडशे माणसांत एकच रिकामी खुर्ची का असावी, हा विचार मनात यायला पाहिजे होता. एवान्थिया आजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, तिनं तिथं आपलं ताट ठेवलं होतं. दुधाची खीर भरलेली पाकातली वडी, चांगली दीड हात लांब. मेनेलाओस बसला.

आवाज आला तो मी सांगत नाही.

"आता ते कुणी खाणार नाही," एवान्थिया आजी म्हणाली. "हलू नकोस पोरा, चमचा आणते."

पांढरी विजार पाकानं मांड्यांना चिकटली. चालेना, बसवेना. आर्गिरोनं भावाला कोठीच्या खोलीत ढकललं आणि विजार ओढून काढून पाण्यात टाकली. दुसरी कुठली देणार? प्रोकोपीसची विजार त्याच्या मांडीपर्यंतही चढेना. मग तिला ते पुडकं दिसलं.

दोन मिनिटांनी मेनेलाओस बाहेर आला. गुडघ्यापर्यंतचा पांढरा घागरा, चुण्यांचा, कमरेत सैल ठेवला होता म्हणून कसाबसा बसलेला. मग हॉलंडचे बेचाळीस जण उठून उभे राहिले आणि फोटो काढायला लागले.

सिफीसनं लिऱ्यावर गज ओढला तो तेव्हा. आमच्याकडं लिरा लागला की दोन ओळींची गाणी सुचतात, ज्याला सुचेल त्यानं म्हणायची, आणि ज्याला लागेल त्यानं उत्तर द्यायचं. एवान्थिया आजी जागेवरूनच गायली, आवाज चिरका पण गावभर पोचणारा:

"अकरा वर्षं दार रंगलं, निळ्यावर चढला निळा,
संत बाहेर उभा राहिला, सुकला त्याचा गळा."

दीडशे माणसं हसली. हसली म्हणजे, अकरा वर्षांचं साठवलेलं हसली. प्रोकोपीसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उत्तर नाही दिलं तर हरला. तो उभा राहिला, त्या निळ्या टेबलावर मूठ आपटली, ग्लास उडाले, आणि त्या वाजणाऱ्या भांड्यातून गाणं निघालं:

"रंग संपला, ब्रश मोडला, दार टाकलं काढून,
संता, आता आत ये बाबा, खुर्ची घे तू ओढून."

मग कुणी कुणाला आवरणार? खांद्यावर हात टाकून गोल धरला. आधी हळू, मग लिरा पळायला लागला आणि पायही पळायला लागले. वाउटर डॉक्टरांनी काठी केकमध्ये रोवली आणि रांगेत शिरले, गुडघा दुमडत नव्हता म्हणून तो पाय बाजूला फेकत होते, आणि मागच्या सगळ्यांना वाटलं तीच पायरी आहे. सगळी रांग उजवा पाय बाजूला फेकायला लागली. अजूनही आमच्या गावात ती पायरी आहे. साव्वास आईला घेऊन आला होता, सोबत केक. "मी पाहुणा म्हणून आलोय," तो म्हणाला, "पण डोळे नोकरीवर आहेत." दोन ग्लासांनंतर डोळेही रजेवर गेले. मेनेलाओस आधी भिंतीला चिकटून होता, पण घागरा घालून भिंतीला किती वेळ चिकटणार? दोन हॉलंडच्या आज्यांनी त्याला ओढलं. तो गिरकी घ्यायचा तेव्हा चुण्या अशा उडायच्या की पाद्रीबुवा आकाशाकडं बघायचे.

आणि तेवढ्यात क्लेलियानं घड्याळ बघितलं. बस निघायची वेळ. ती सरळ नाचाच्या गोलात शिरली आणि बॅगेतून पाकीट काढलं. कंपनीचं. जेवणाचे पैसे.

"हे तुमचे," ती म्हणाली. "मोजून घ्या."

लिरा थांबला. असा थांबला की राकीचा थेंब पडला असता तर ऐकू आला असता. दीडशे डोळ्यांच्या जोड्या प्रोकोपीसच्या हातावर. सणाच्या दिवशी माणूस आपल्या उंबऱ्यावर पैसे घेतो का? आणि साव्वासचे रजेवर गेलेले डोळे एकदम कामावर परत. कारण पैसे घेतले तर तो सण नाही, धंदा झाला. मग ते सात कागद, आणि दुकानाला टाळं.

प्रोकोपीसनं पाकिटाकडं बघितलं. त्या पाकिटात त्याचा सगळा उन्हाळा होता. हात थोडा पुढं गेला, हे आर्गिरोनं बघितलं, तिनंच सांगितलं. मग हात मागं आला आणि मिशीवर गेला.

"आज नाही, पोरी," तो म्हणाला. "आज माझा सण आहे. आज सगळे खाऊन जातात."

"पण मग मी कंपनीत काय लिहू?"

"लिही, केक आधी दिला म्हणून माफी मागतो."

क्लेलियानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. वाईट तिलाही वाटत होतं, नाचून तिचे केस सुटले होते. "काका, जो माणूस पैसे घेत नाही, त्याच्याकडं कंपनी दर गुरुवारी बस पाठवत नाही. कागदावर काहीतरी विकत घेतलेलं लागतं."

प्रोकोपीसनं मान हलवली. मग तो वळला मेनेलाओसकडं. आवाजात भांडं वाजत नव्हतं.

"शब्द दिला होता," तो म्हणाला. "घागरा दे."

मेनेलाओसनं खाली बघितलं. वर बघितलं.

"तो मी घातलाय, दाजी," तो म्हणाला.

"मग काढ."

"खाली काही नाही."

मेनेलाओस घामानं निथळत होता, केस कपाळाला चिकटलेले, आणि मग तो हळू आवाजात म्हणाला, "माझ्याकडं तीन वर्षांत असं कुणी नाचलं नाही. पगार देऊनसुद्धा नाही. तुम्ही खाली येऊ नका, दाजी. माझं दुकान बुडवाल."

हे बोलून तो भिंतीकडं जाऊन उभा राहिला. आर्गिरोनं त्याला पाणी दिलं.

पण बसचं काय? तिथं उठला साव्वास. चौथा ग्लास हातात. शिक्का मारायच्या आवाजात तो म्हणाला, "वाद्यांसकट रात्रीचं जेवण विकायचं तर सात कागद. सणाला खाऊ घालायचं तर शून्य कागद. आणि न्याहारी विकायला प्रोकोपीसकडं परवाना आहे, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीपासून. मीच दिलाय. संध्याकाळी पाहुण्याला कोण काय खाऊ घालतं ते नगरपालिका बघत नाही. न्याहारी तेवढी विकत घ्या."

"पण आम्ही सकाळी इथं नसणार," क्लेलिया म्हणाली.

"बांधून देईल," साव्वास म्हणाला आणि बसला. खुर्चीत आधी वडीचं ताट होतं हे तो विसरला.

क्लेलियानं फळीवर लिहिलं: न्याहारी, दर गुरुवारी, बेचाळीस. पाद्रीबुवांनी कॅलेंडर आणलं. आमच्या कॅलेंडरात संत नाही असा दिवस नाही, आणि गावात नाव नाही असा माणूस नाही. दर गुरुवारी कुणाचा ना कुणाचा सण काढायचा, आणि तो प्रोकोपीसच्या अंगणात. तीन वर्षं चाललंय. मागल्या महिन्यात एका गुरुवारी कुणीच जुळेना, तर सिफीसच्या गाढवाचा सण केला. पाद्रीबुवा तेवढे आले नाहीत. म्हणजे आले, उशिरा.

दार परत बसवलं नाही. त्यावर आता जेवतात. आणि बोकड हल्ली तीन शिजवतात.

बघा, उठल्या शेळ्या. तर वर गेल्यावर एवढं करा. आत शिरताना विचारा, आज कुणाचा सण, आणि ज्याच्याकडं बोट दाखवतील त्याला 'पुष्कळ वर्षं जगा' म्हणा. पोटभर खा, केक आधी आला तर आधी खा. पैशाचं नाव काढू नका. निघताना प्रोकोपीस प्रत्येकाच्या हातात एक कागदी पिशवी देईल, तोंड असं करून की जणू तुम्ही काही चोरलंय. आत एक टोस्ट असतो, सुकवलेला, दगडासारखा, आणि एक अंजीर. पुष्कळ जण तो खाली हॉटेलात टाकून देतात. तुम्ही टाकू नका. सकाळी कॉफीत नीट बुडवा, मऊ होईपर्यंत थांबा, आणि खा. अख्ख्या संध्याकाळीत विकत घेतलेलं तेवढंच आहे. तेवढं माझ्यासाठी खा.